माया किती सोडू?

प्रिय सुमे,

मुक्ता काल बेंगळुरूला गेली.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं, चहा करून आलो आणि वाक्य परत वाचलं. ते अजून तसंच आहे. म्हणजे खरंच गेली. हे सांगायला तुझ्याइतकं हक्काचं दुसरं कोण आहे? तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतोच मी, पण तिथेही तू माझी वाक्यं अर्ध्यात तोडतेस. कागदावर तरी ती पूर्णविरामापर्यंत पोचतील, म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी रडत वगैरे नाहीये. बरं वाटतंय मला. इतकं हलकं वाटतंय की बापाने असं वाटून घ्यावं का, अशी शंका येऊन गेली. पण तूही आत्ता हुश्श केलं असतंस, आणि पुढच्याच श्वासाला विचारलं असतंस, ‘स्वेटर दिलात का तिला?’ दिला.

तुला मधलं काही ठाऊक नाही. दिवाळीनंतर तिला तिकडच्या एका कंपनीत चांगली जागा चालून आली. इथे रोह्याच्या कंपनीत करते तेच काम, पण वरचा हुद्दा आणि वर चढायला जिना. उत्तराला मुदत होती. आपल्या लेकीने ती वाढवून घेतली. मी विचारलं की म्हणायची, ‘बघू.’ हे ‘बघू’ तुझ्या माहेरचं क्रियापद. काळ भविष्य, अर्थ नकार.

का, ते मला कळत होतं. तू गेल्यापासून रोज सकाळी ती माझे कपडे खाटेवर काढून ठेवायची. खाली पँट, वर शर्ट, शर्टाच्या खिशावर रुमाल. हुबेहूब तुझी रचना. मीही मुकाट्याने ते चढवून शाळेत जायचो. नववीच्या पोरांना ‘स्वावलंबन’ शब्दाचा विग्रह शिकवायचो आणि परत यायचो.

यात तुझा हात आहे हं, सुमे. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी स्वतःसाठी एक बनियनसुद्धा घेतला नाही. घेऊ दिलास कुठे? पेणच्या दुकानात तू कापड निवडायचीस आणि मी पिशवी घेऊन भालदारासारखा उभा. मधूनच माझ्या हनुवटीखाली एक तागा धरायचीस, मान तिरकी करून बघायचीस आणि माझ्याशी न बोलता दुकानदाराला सांगायचीस, ‘हे द्या.’

एकदा मी म्हटलं होतं, ‘मला हा रंग नाही आवडला तर?’

‘तुम्हाला सवय होईल,’ तू म्हणालीस.

झाली की. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, सर कसे नेहमी नीटनेटके. मी ते मान लववून स्वीकारायचो, जणू माझीच करामत.

तू गेल्यावर मी एकदा पराक्रम केला. इथल्या एका हॉलमध्ये सेल लागला होता, एकाच्या भावात तीन शर्ट. मी आणले. पहिल्या धुण्यात त्यांनी आपापल्या बाह्या आवरत्या घेतल्या. दुसऱ्या धुण्यात निळ्याने मुक्ताची पांढरी ओढणी आपल्या रंगात रंगवली. मुक्ता काही बोलली नाही. ओढणी भिजत घातली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी जुनाच शर्ट काढून ठेवू लागली. पोरीचं गप्प राहणं तुझ्या बोलण्यापेक्षा जड जातं मला.

आता मूळ अपराधाकडे येतो, आणि तो तुझा आहे. तुझ्या कपाटात वर दोन कप्पे होते. एक देण्याचा, एक ठेवणीचा. लग्नामुंजीत आहेर म्हणून आलेले शर्टपीस-पँटपीस तू हात लावून पारखायचीस. हलकं कापड देण्याच्या कप्प्यात जायचं आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात पडायचं. चांगलं कापड ठेवणीच्या कप्प्यात. दोन कप्पे आहेत हे मला माहीत होतं. देण्याचा उजवा की डावा, हे सांगायचं मात्र तू विसरलीस. श्राद्धाच्या वेळी भटजी सव्य-अपसव्य ओरडून सांगतात. तुझ्या कपाटापुढे मला सांगणारं कोण होतं?

तुझ्या भाच्याचा, मंदावहिनींच्या निखिलचा, साखरपुडा गडबला हायवेवरच्या हॉलमध्ये ठरला. मी मनाशी म्हटलं, यावेळी मुक्ताने कपडे काढण्याआधीच आपण नवा शर्ट शिवून घालायचा. चकित करायचं तिला. कपाट उघडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक डाळिंबी, चमकदार पीस काढला आणि नाक्यावरच्या टेलरकडून गुपचूप शिवून आणला. मुक्ता मदतीला म्हणून सकाळीच मामीकडे गेली होती. मी मागून, नवीन शर्टात, एकटा.

हॉलमध्ये शिरलो तर तोच शर्ट घालून सहा-सातजण हातात बादल्या घेऊन फिरत होते. वाढपी. नंतर कळलं ते असं. त्या केटररने आपल्या मुलीच्या लग्नात आहेराला अख्खा तागा घेतला होता. उरलेल्या कापडात वाढप्यांचे गणवेश बसवले. त्या लग्नात आपल्याला मिळालेला पीस तू देण्याच्या कप्प्यात टाकलास आणि मी तो तुझ्याच माहेरच्या समारंभाला घालून गेलो.

मी पंगतीच्या कडेला उभा होतो. एक टोपीवाले आजोबा म्हणाले, ‘ओ भाऊ, मठ्ठा.’

मी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

‘अवो तुमालाच. कवाधरना हात वर केलाय, बघत नाय तुमी.’

समोर मठ्ठ्याचा जग होता. उचलला आणि वाढला. शेजारचे म्हणाले, ‘हिकडं पन.’ तिकडेही वाढला. तीस वर्षं वर्गात वाढतोच आहे मी. तिथे पोटात किती जातं देव जाणे, इथे निदान दिसत तरी होतं. अख्खी पंगत संपवली मी.

मंदावहिनींनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘भावजी, हे काय वो? नवऱ्या मुलाच्या आत्याचे यजमान तुम्ही, नि मठ्ठा कसला वाढताय?’ मग त्यांची नजर शर्टावर गेली आणि त्या हसत सुटल्या. हसता हसता म्हणाल्या, ‘सुमाताई असत्या तर...’ आणि तिथेच थांबल्या. मुक्ता त्यांच्या मागे उभी होती.

परतताना नागोठण्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, ‘बाबा, मी बेंगळुरूवाल्यांना नाही म्हणून कळवते.’

‘मठ्ठ्यावरून?’

‘मठ्ठ्यावरून नाही. तुम्ही वाढत राहिलात, म्हणून. एकालाही म्हणाला नाहीत की मी वाढपी नाही. कोणी काहीही समजलं, कसंही वागवलं तरी चालतं तुम्हाला आता. आई होती तेव्हा असे नव्हतात तुम्ही.’

मला तो प्रसंग गमतीचा वाटला होता, सुमे. शाळेत सांगायला मी तो मनात घोळवतसुद्धा होतो. आणि ही पोर गडबपासून गिळत आली होती ते हे.

मी म्हटलं, ‘निखिलच्या लग्नापर्यंत थांब. त्या दिवशी मी माझे कपडे करून येतो. ते बघ, मग काय कळवायचं ते कळव.’

‘प्रश्न कपड्यांचा नाहीये, बाबा.’

‘ठाऊक आहे. पण उत्तराला कुठून तरी सुरुवात करू दे की मला.’

ती म्हणाली, ‘बघू.’

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी तुझे दोन्ही कप्पे विचार न करता खाटेवर एकाच ढिगात रिकामे केले. यातलं ठेवणीतलं कोणतं आणि देण्याचं कोणतं, हे आता एकत्र झाल्यावर सांगणार कसं? बराच वेळ त्या ढिगापुढे बसलो. मग एका कापडाचं टोक सहज मुठीत धरलं. घट्ट आवळलं, जरा थांबून सोडलं. चुण्या पडल्या आणि हळूहळू निघून गेल्या. दुसरं आवळलं. त्याच्या चुण्या गेल्याच नाहीत, कागदासारखं ते चुरगळून राहिलं. एक कापड घेऊन मी दाराशी उजेडात गेलो, ते आडवं धरून त्यातून पलीकडचा रस्ता दिसतो का पाहिलं.

आणि मला कळेना की हे मी कुठे शिकलो.

तुझ्या शेजारी पिशवी धरून, दुसरं कुठे! इतकी वर्षं दुकानाच्या पायरीवर कापडाचं दुसरं टोक कोण धरत होतं? ‘तुमचं लक्षच नसतं’ म्हणायचीस ना? लक्ष नव्हतंच. पण हात हजर होते. तू त्यांना शिकवत होतीस हे तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

संध्याकाळपर्यंत दोन ढीग झाले. ठेवणीच्या ढिगात काय काय निघालं सांगू? राखाडी पँटचं भरदार कापड. गडद निळं. एक बदामी. शर्टाला दोन पांढरी सुती, एक फिक्या आकाशी रंगाचं, एक बारीक रेघांचं. मी ती खाटेवर मांडली, यावर ते, त्यावर हे, असं करून पाहिलं. कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर जातो. वेगवेगळ्या लग्नांतले, वेगवेगळ्या लोकांचे आहेर, आणि तू त्यातून माझ्यासाठी एकमेकांशी जुळणारे तेवढेच वेचून ठेवले होतेस. माझ्या हाती शर्ट-पँट म्हणजे कायम वैकल्पिक द्वंद्व, एक शोभलं तर दुसरं नाही. तू त्याचा इतरेतर द्वंद्व करून ठेवलास आणि मला कळवलंही नाहीस.

पण एक विचारू? ठेवलंस कशाला? ‘मुक्ताच्या लग्नाला शिवू,’ म्हणायचीस. तोपर्यंत मी जुनं घालायचं, आणि तूही. त्याच कपाटात खाली तुझ्या साड्या होत्या. घडी न मोडलेल्या. एकीच्या काठाला घातलेला दुकानातला टाकासुद्धा निघाला नव्हता. त्या नेसून कुठे जाणार होतीस तू? हे मात्र तुझं चुकलं, सुमे. रागावून नाही म्हणत. पण चुकलं.

देण्याचा ढीग मी देऊन टाकला. लग्नात नव्हे, ज्यांना अंगावर घालायला लागतं त्यांना.

ठेवणीतले पीस घेऊन पेणला तुझ्या दत्ता टेलरकडे गेलो. शेजारच्या कारखान्यात गणपती रंगवायचं काम जोरात होतं, दुकानभर रंगाचा वास. दत्ताने कापड चाचपलं. ‘कापड एक नंबर हाय, सर. कवाचा?’

‘आमच्या हिने ठेवलेलं.’

‘मंग बरोबर हाय.’ दत्ताच्या बोलण्यात कापड ‘चांगला’ असतो आणि माप ‘घेतला’ जातो. पेणच्या खाडीकडे नपुंसकलिंगाला फारसा थारा नाही. मी दुरुस्त करत नाही, तू घातलेली शपथ अजून पाळतो.

त्याने कमरेचं माप घेतलं, मग पोटाचं, आणि टेपकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मध्यमपदलोपी समास मी दरवर्षी शिकवतो, पण माझ्या मध्यमपदाचा लोप होण्याचं लक्षण नाही.

‘टाइट करू ना? आता सगले टाइटच घालतात. तुमचा वय पन कमी दिसंल.’

‘नाही,’ मी म्हटलं.

सुमे, टेलरच्या दुकानात मी उच्चारलेला हा पहिला ‘नाही’. दत्ताने मान वर करून पाहिलं. त्याला वाटलं असावं, तूच कुठून तरी बोललीस. मी पुढे सांगितलं. मांडीला सैल, खाली फार रुंद नको, पुढे चुण्या नकोत. शर्टाची कॉलर साधी. बटणं चकचकीत नकोत. त्याला चुण्याच हव्या होत्या, ‘पोट झाकतात’ म्हणाला. थोडा वाद झाला. मी जिंकलो. अजूनही मला वाटतं की चुण्यांबद्दल त्याचंच बरोबर असावं, पण जिंकलो हे खरं.

मग खडूने रेघ मारता मारता त्याने विचारलं, ‘आत माया किती सोडू?’

शिवणीच्या आत दुमडून जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तुझ्या तोंडून ऐकलं होतं. पण हा प्रश्न कोणी मला विचारला नव्हता. कॉलेजात आमच्या वेदान्ताच्या वर्गात माया सोडायला सांगत. दत्ताही सोडायलाच सांगतो. पण त्याच्याकडे सोडणं म्हणजे ठेवणं. बाहेरून दिसत नाही, आत असते, आणि वेळ आली की उसवून वाढवता येते.

मी म्हटलं, ‘चांगली बोटभर सोड.’

‘एवडी? कशाला?’

‘अरे, पाच-सात वर्षं घालायची आहे मला ही पँट.’

बोललो आणि जरा थबकलो. तू गेल्यापासून पुढच्या आठवड्यापलीकडचं मी काही बोललोच नव्हतो. दत्ताच्या ते लक्षात यायचं कारण नव्हतं. त्याने रेघ मारली आणि कात्री चालवली.

बाकीचं फार नव्हतं. नवे बूट घ्यायला निघालो होतो, मग जुने चामड्याचे उलटे करून पाहिले. वरचा भाग ठणठणीत होता. नवा तळ बसवून घेतला, पॉलिश केलं आणि ते परत माणसांत आले. पट्टा मात्र नवा घेतला, एकच, पण खऱ्या चामड्याचा. शिलाई, तळ आणि पट्टा मिळून जेवढे गेले तेवढ्यात सेलवाल्याकडे मला पुन्हा आखडत्या बाह्यांचा एक ढीग मिळाला असता. यापुढे जुनं फाटलं तरच नवं, आणि नवं घ्यायचं ते आहे त्यातल्या सगळ्याशी जुळणारं. मुक्ताला तिकडे घर लावायचं आहे. बापाच्या कपड्यांत पैसे घालवून कसं चालेल?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी कपडे घेऊन आलो. मुक्ताने पिशवी हातातून घेतली. मला वाटलं, अंगाला लावून बघ म्हणेल. तिने राखाडी पँट काढली आणि सरळ उलटी केली. शिवण बोटाने चाचपत गेली, कमरेपासून खालपर्यंत. तू असंच करायचीस ना? तिला कोणी शिकवलं?

मागच्या शिवणीवर तिचं बोट थांबलं.

‘ही एवढी माया दत्ताकाकांनी सोडली?’

‘मी सांगितली.’

‘किती वर्षं घालणार आहात ही?’

‘पाच-सात. जास्तच.’

तिने शिवण परत एकदा पाहिली. ‘म्हणजे अजून पोट वाढवायचा विचार आहे तर,’ म्हणाली, आणि पँट सुलट करून, नीट घडी घालून माझ्या हातात दिली. खाटेवर नाही ठेवली.

लग्नाला ती तुझी साडी नेसली. टाका न निघालेली, तीच. टाका तिनेच दातांनी तोडला. तू पाहिलं असतंस तर ओरडली असतीस.

पेणच्या कार्यालयात मंदावहिनींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘भावजी, आज कोणी काढून दिले कपडे?’

‘मीच.’

‘खोटं.’

‘नाय हो मामी, खरंच,’ मुक्ता म्हणाली. आणि त्याच दमात, अक्षतांची वाटी पुढे देता देता म्हणाली, ‘मी बेंगळुरूला जाणारे. सकाळी कळवलं त्यांना.’

मला हे असं कळलं, सुमे. अक्षतांच्या गर्दीत, मंदावहिनींच्या बरोबरीने. मंगलाष्टकं सुरू झाली. शार्दूलविक्रीडित, मी झोपेतही गण चुकत नाही. त्या दिवशी एक अख्खा चरण मला ऐकूच आला नाही. छातीवरून कोणीतरी पाटा उचलून बाजूला ठेवावा तसं झालं.

नंतर पंगतीत बसून जेवलो. मठ्ठाही प्यालो. वाढणारा पोरगा त्याच केटररचा, डाळिंबी शर्टात होता आणि त्याला तो छान दिसत होता.

काल सकाळी पनवेलपर्यंत सोडायला गेलो तिला, पुढे ती विमानाने गेली. आकाशी शर्ट आणि बदामी पँट, साधा शनिवार असूनही. तुझ्या चार साड्या ती घेऊन गेली, ऑफिसला नेसणार म्हणते. ठेवणीचा कप्पा आता रिकामा आहे आणि मी तो भरणार नाही.

रात्री तिचा फोन आला. पोचले, खोली बरी आहे, शेजारीण मराठी आहे वगैरे. मग म्हणाली, ‘तुम्ही कसे आहात?’

‘मजेत.’

पलीकडे जरा शांतता. ‘नक्की?’

मी नक्की म्हटलं. काल ते खरं होतं. पण रोजच असेल असं नाही, हे तुला कळतं, मला कळतं, आणि त्या शांततेवरून तिलाही कळतं. म्हणून तुला एक वचन देतो. तिला गप्प करण्यासाठी मी कधीही मजेत आहे म्हणणार नाही. तिचा फोन यायच्या आधी उठेन, अंघोळ करेन, धुतलेला शर्ट घालून नदीपर्यंत जाऊन येईन, कोणाशी तरी दोन शब्द बोलेन. आधी मजेत होईन, मग सांगेन.

तुझा अहो,
श्रीपाद